१५ नोव्हेंबर : सचिनच्या तारखेला मैदानावर आणखी कोण कोण होतं?

दरवर्षी १५ नोव्हेंबर आला की आपल्या टाइमलाइनवर एक फोटो हमखास येतो. कुरळ्या केसांचा, सोळा वर्षांचा सचिन. वर लिहिलेलं असतं, ‘आजच्याच दिवशी देवाने पदार्पण केलं’. लाइक ठोकून आपण पुढे जातो.

पण ही तारीख त्या एका फोटोपेक्षा बरीच मोठी आहे. १९८९, २०१३ आणि २०२३ अशा तीन वर्षांत १५ नोव्हेंबरला जे घडलं ते शेजारी शेजारी ठेवलं, तर भारतीय क्रिकेटच्या ३४ वर्षांची गोष्ट दिसते. त्यात सोलापूरच्या एका मुलाची गोष्टही आहे, जी सहसा पोस्टमध्ये मावत नाही.

आधी थोडं तारखांबद्दल. मी हे पालीत बसून लिहितेय. बल्लाळेश्वराच्या या गावात महत्त्वाचं सगळं तिथीने चालतं. चतुर्थी कोणत्या तारखेला येते ते कॅलेंडरमध्ये बघायचं, आणि गाड्यांची गर्दी त्यानुसार धरायची. तिथीने बघाल तर आपले हे तीन दिवस जुळतच नाहीत. २०२३ च्या १५ नोव्हेंबरला भाऊबीज होती, तर २०१३ मध्ये भाऊबीज होऊन दहा दिवस उलटले होते. म्हणजे हा सगळा इंग्रजी तारखेचा खेळ आहे.

त्या खेळात अमेरिकेतल्या बेसबॉलचा हात कुणी धरू शकत नाही. ‘आजच्या तारखेला बेसबॉलमध्ये काय घडलं’ अशी यादी तिथली वर्तमानपत्रं वर्षानुवर्षं छापत आली आहेत. त्यातली सर्वात मोठी तारीख १५ एप्रिल. १९४७ साली त्या दिवशी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि मेजर लीगमध्ये काळ्या खेळाडूंना अनेक दशकं बंद असलेलं दार उघडलं. आज दरवर्षी १५ एप्रिलला सगळे संघ, सगळे खेळाडू त्याचाच ४२ नंबरचा टीशर्ट घालून खेळतात. गंमत म्हणजे त्या दिवशी रॉबिन्सनला एकही हिट मिळाली नव्हती. तारीख लक्षात राहिली ती तो तिथे उभा होता म्हणून.

सचिनचं पहिलं १५ नोव्हेंबरही असंच आहे.

१९८९, कराची : सचिनने बॅट हातात घेतलीच नाही

इम्रान खानचा पाकिस्तान संघ, समोर श्रीकांतच्या नेतृत्वाखालचा भारत. चार टेस्टच्या मालिकेतली पहिली टेस्ट. पहिल्या दिवशी पाकिस्तानची बॅटिंग होती, म्हणजे १६ वर्षं २०५ दिवसांचा सचिन पदार्पणाचा दिवस फिल्डिंग करत होता. पाकिस्तानने ४०९ धावा केल्या, त्यात इम्रानच्या नाबाद १०९. भारताचे ४ बाद ४१ झाले तेव्हा सचिन बॅटिंगला आला आणि १५ धावा करून वकार युनूसच्या बॉलवर बोल्ड झाला. वकारचीही ही पहिलीच टेस्ट. तो दुसऱ्या दिवशी १८ वर्षांचा होणार होता.

(नाकावर बॉल लागून रक्त आलं आणि सचिन ‘मैं खेलेगा’ म्हणाला, तो किस्सा कराचीचा नाही. तो याच मालिकेतल्या शेवटच्या, सियालकोटच्या टेस्टचा. ही गल्लत पोस्टमध्ये सर्रास दिसते.)

खरं तर त्या सकाळी बातमी वेगळीच असायला हवी होती. कपिल देवची ती शंभरावी टेस्ट होती. मॅच ड्रॉ झाली, ती संजय मांजरेकरच्या दुसऱ्या डावातल्या नाबाद ११३ धावांमुळे. म्हणजे त्या पाच दिवसांचा हिरो मुंबईचाच होता, फक्त तो सचिन नव्हता.

आणि त्याच दिवशी भारताकडून आणखी एकाने पदार्पण केलं होतं. सलील अंकोला. जन्म सोलापूरचा, वय २१, महाराष्ट्राचा उंचापुरा फास्ट बॉलर. प्रथम श्रेणी क्रिकेटमधल्या पहिल्याच सामन्यात त्याने हॅटट्रिक घेतली होती. भारताकडून टेस्ट खेळणाऱ्यांच्या क्रमवारीत अंकोला १८६ वा आणि सचिन १८७ वा. पदार्पण एकाच वेळी झालं की आडनावाच्या इंग्रजी अक्षरांनुसार नंबर मिळतो, म्हणून अंकोला एक घर पुढे.

अंकोलाला त्या मॅचमध्ये दोन विकेट मिळाल्या. मग दुखापत झाली, आणि तो पुन्हा कधीच टेस्ट खेळला नाही. एकाच ड्रेसिंग रूममधून, एकाच सकाळी दोन मराठी मुलं मैदानात उतरली. एकाच्या नावावर २०० टेस्ट, दुसऱ्याच्या नावावर १.

अंकोला वन-डेत अधूनमधून दिसत राहिला, २० सामने खेळला. पायाच्या हाडात गाठ निघाली आणि १९९७ मध्ये तिशीच्या आतच त्याला क्रिकेट सोडावं लागलं. नंतर तो सिरियल आणि सिनेमात दिसला. आपल्या पिढीतल्या अनेकांना तर तो आधी अभिनेता म्हणूनच माहीत आहे.

२०१३, वानखेडे : एक आत, एक बाहेर

पदार्पणानंतर बरोबर २४ वर्षांनी, वेस्ट इंडिजविरुद्धच्या दोनशेव्या आणि शेवटच्या टेस्टचा दुसरा दिवस. आदल्या दिवशी संध्याकाळी सचिन ३८ वर नाबाद होता. भारतीय ओपनर आउट झाल्यावर घरच्या प्रेक्षकांनी जल्लोष केला, असं दृश्य क्रिकेटमध्ये क्वचितच दिसतं. त्या दिवशी दिसलं, कारण पुढचा बॅट्समन सचिन होता. त्याची आई रजनी तेंडुलकर पहिल्यांदाच स्टेडियममध्ये येऊन मुलाचा खेळ बघत होती.

१५ तारखेला सकाळी सचिन ७४ पर्यंत गेला. नरसिंग देवनारायणच्या बॉलवर स्लिपमध्ये डॅरेन सॅमीने कॅच घेतला. सॅमीने फारसा आनंदही केला नाही. मी तेव्हा शाळेत होते, आणि घरातली मोठी माणसं टीव्हीसमोर अशी गप्प बसलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

आता इथे जरा थांबून स्कोअरकार्ड बघा. सचिन आउट झाल्यावर पाचव्या नंबरवर कोण आलं? विराट कोहली. एक पायऱ्या चढत होता, दुसरा उतरत होता. कोहलीने त्या डावात ५७ केल्या.

त्याच दिवशी रोहित शर्माने नाबाद १११ धावा केल्या. त्याची ती फक्त दुसरी टेस्ट, आणि सलग दुसरं शतक. नऊ विकेट गेल्या होत्या तेव्हा रोहितचं शतक व्हायचं होतं. शेवटचा बॅट्समन टिकला म्हणून ते झालं. दोघांनी मिळून ८० धावा जोडल्या, त्यात त्या शेवटच्या बॅट्समनच्या ११. त्याचं नाव मोहम्मद शमी. त्याचीही ती दुसरीच टेस्ट होती.

कोहली, रोहित, शमी. ही तीन नावं लक्षात ठेवा, दहा वर्षांनी लागतील.

पण त्याआधी प्रज्ञान ओझा. त्या टेस्टमध्ये त्याने दोन्ही डावांत पाच-पाच विकेट घेतल्या, ८९ धावांत एकूण १०. मॅन ऑफ द मॅच तोच. आणि तीच त्याची शेवटची टेस्ट ठरली. रवींद्र जडेजाने जागा पक्की केली, मध्ये ओझाच्या बॉलिंग ॲक्शनवर प्रश्न आले, ते सुटले, पण टेस्ट संघात बोलावणं काही आलं नाही. सचिनचा निरोप सगळ्या देशाने बघितला. ओझाचा निरोप त्याच मैदानावर त्याच मॅचमध्ये झाला, आणि तो ओझालाही माहीत नव्हता.

निरोपाचं ते प्रसिद्ध भाषण मात्र १५ तारखेचं नाही. मॅच १६ नोव्हेंबरला संपली, भाषण तेव्हाचं. भारतरत्न जाहीर झालं तेही १६ लाच. टेस्ट पाच दिवसांची असल्याने ती एका तारखेत कोंबायला गेलं की असा गोंधळ होतो. बेसबॉलवाल्यांचा सामना बहुतेक एका दिवसात आटपतो, त्यांचं बरं आहे.

२०२३, पुन्हा वानखेडे

वर्ल्ड कप सेमीफायनल, समोर न्यूझीलंड. दुपारी ओवाळून घेऊन पुरुष मंडळी टीव्हीला चिकटली आणि बहिणीही ताट बाजूला ठेवून तिथेच बसल्या, असं चित्र निदान आमच्या गल्लीत तरी होतं.

कॅप्टन रोहितने २९ बॉलमध्ये ४७ करून सुरुवात केली. कोहलीने ११३ बॉलमध्ये ११७ केल्या. हे त्याचं पन्नासावं वन-डे शतक. सचिनचा ४९ चा विक्रम त्याने दहाच दिवस आधी, आपल्या वाढदिवसाला ईडन गार्डन्सवर गाठला होता. आता तो मोडला, सचिनच्या शहरात, सचिनच्या मैदानावर. सचिन समोर बसलेला होता. कोहलीने हेल्मेट काढून त्याच्या दिशेने झुकून नमस्कार केला. एका वर्ल्ड कपमध्ये सर्वाधिक धावांचा सचिनचा २००३ चा ६७३ चा विक्रमही त्याच खेळीत गेला.

पुन्हा बेसबॉलची आठवण होते ती इथे. तिकडे बेब रूथचा ७१४ होमरनचा विक्रम हँक आरनने ८ एप्रिल १९७४ ला मोडला. रूथ जाऊन तेव्हा २५ वर्षं झाली होती. आणि एक काळा खेळाडू रूथच्या पुढे जातोय म्हणून आरनला त्या काळात जीवे मारण्याच्या धमक्यांची पत्रं येत होती. विक्रम मोडला जाणं म्हणजे वारसा पुढे जाणं, हे दर वेळी इतक्या गोडीत होतंच असं नाही. वानखेडेवर ते झालं.

श्रेयस अय्यरने ७० बॉलमध्ये १०५ केल्या. भारत ४ बाद ३९७. तरी डॅरिल मिचेल आणि केन विल्यमसन असे खेळले की स्टेडियम चिडीचूप झालं. त्यात शमीने विल्यमसनचा सोपा कॅच सोडला. त्यानंतर मात्र त्याच शमीने एका ओव्हरमध्ये विल्यमसन आणि लॅथमला घालवलं. शेवटी ५७ धावांत ७ विकेट. भारताकडून वन-डेत त्याआधी अशी बॉलिंग कुणी केली नव्हती. भारत ७० धावांनी जिंकला. दहा वर्षांपूर्वी याच तारखेला, याच मैदानावर रोहितला साथ देत ११ धावा करणारा अकरा नंबरचा बॅट्समन तो हाच.

चार दिवसांनी अहमदाबादमध्ये काय झालं, ते मी इथे लिहिणार नाही.

आता परत सलील अंकोलाकडे. क्रिकेट सुटल्यावर मधली वर्षं त्याच्यासाठी सोपी नव्हती. दारूच्या व्यसनाबद्दल आणि त्यातून बाहेर येण्याबद्दल तो स्वतः मुलाखतींमध्ये बोलला आहे. डिसेंबर २०२० मध्ये तो मुंबईच्या निवड समितीचा प्रमुख म्हणून क्रिकेटमध्ये परतला. जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय निवड समितीवर गेला. पुढे त्या समितीचा अध्यक्ष झाला अजित आगरकर, आणि याच समितीने २०२३ च्या वर्ल्ड कपचा भारतीय संघ निवडला.

म्हणजे १५ नोव्हेंबर २०२३ ला वानखेडेवर सचिन प्रेक्षकांत बसला होता, आणि मैदानात जो संघ खेळत होता तो निवडणाऱ्या पाच जणांत १८६ नंबरचा टेस्ट खेळाडू होता.