पंढरी : नाव एक, अर्थ अनेक

आषाढ शुद्ध एकादशी जवळ आली की महाराष्ट्रातील घराघरांत एका गावाचे नाव ओठांवर येऊ लागते. कोणी त्यास पंढरपूर म्हणतो, कोणी लाडाने पंढरी. पोथी लावून बसलेले आजोबा पौंडरीकक्षेत्र म्हणतात, तर वारीची वाट चालणारी माउली सासुरवाशिणीच्या ओढीने माहेर म्हणते. भूवैकुंठ आणि दक्षिण काशी ही बिरुदे तर सर्वतोमुखी आहेतच. एवढ्या नावांनी ज्यास हाक मारावी असे दुसरे गाव आमच्या पाहण्यात नाही. आईला हाक मारताना 'आई' या शब्दाची व्युत्पत्ती कोणी शोधीत बसत नाही, हे खरे. परंतु सणावाराच्या निवांत वेळी त्या शब्दाच्या पोटात काय साठले आहे हे पाहिले तर हाकेतील गोडी वाढते, असा आमचा अनुभव आहे.

या विचारास आणखी एक निमित्त आहे. अलीकडे कीर्तन आटोपून बुक्का लावून घेण्यास येणाऱ्या मंडळींत शिकलेसवरलेले तरुण पुष्कळ असतात. ते अदबीने, पण स्पष्ट विचारतात, ''बुवा, पंढरपूरचे मूळ नाव कानडी होते आणि पांडुरंग हे नाव त्यावरून घडविले, असे पुस्तकात वाचले. मग आजी रोज माळ ओढते ती कोणाच्या नावाची?'' या प्रश्नात थट्टा नसते. श्रद्धा धरून ठेवण्याची धडपड असते. म्हणून 'असले काही वाचू नये' असे सांगून त्यास वाटेस लावणे आम्हांस योग्य वाटत नाही. प्रश्न भल्या माणसाचा आहे, तेव्हा उत्तरही भलेपणाने दिले पाहिजे.

पोथीतील अर्थ

प्रथम परंपरा काय सांगते ते पाहू. स्कंद आणि पद्म या पुराणांच्या नावे प्रचलित असलेल्या पांडुरंगमाहात्म्यांत या क्षेत्राचा महिमा वर्णिला आहे. आईबापांच्या सेवेत गढलेला पुंडलिक, त्याच्या दाराशी आलेले भगवंत, सेवा अपुरी टाकून उठता येईना म्हणून भक्ताने भिरकावलेली वीट आणि त्या विटेवर कर कटावर ठेवून उभा राहिलेला परमात्मा, ही कथा कोणास सांगावयास नको. पुंडलिक हे पुंडरीक या संस्कृत नावाचे सुटसुटीत रूप आहे. पुंडरीक म्हणजे शुभ्र कमळ. त्या भक्ताच्या नावाने पावन झालेले ते पौंडरीकक्षेत्र.

देवाचे नाव पांडुरंग. पांडुर म्हणजे पांढरा, फिकट शुभ्र. आता गंमत अशी की, क्षेत्राच्या नावात शुभ्र कमळ, देवाच्या नावात शुभ्र वर्ण, आणि गाभाऱ्यात पाहावे तो मूर्ती सावळी! ही विसंगती आमच्या पूर्वजांच्या ध्यानात आली नव्हती असे नव्हे. कोणी सांगितले, गाईंच्या खुरांची धूळ अंगावर उडून सावळा गोपाळ पांढरा झाला. कोणी म्हटले, हा वर्ण देहाचा नसून शुद्ध सत्त्वगुणाचा आहे. दोन्ही अर्थ रसाळ आहेत आणि कीर्तनात आम्हीही ते आवडीने सांगतो.

ताम्रपट आणि शिलालेख काय म्हणतात?

पोथीबरोबरच धातू आणि दगड यांचीही साक्ष काढली पाहिजे. इ.स. ५१६ मधील मानला जाणारा राष्ट्रकूट राजा अविधेय याचा एक ताम्रपट उपलब्ध आहे. त्यात पांडुरंगपल्ली नावाच्या गावाचे दान नोंदले असून ते गाव म्हणजेच आजचे पंढरपूर, असे अनेक अभ्यासक मानतात. पल्ली म्हणजे लहान वस्ती. त्यानंतर इ.स. १२३७ मधील होयसळ राजा सोमेश्वर याचा संस्कृत-कन्नड शिलालेख पंढरपूरच्या देवळातच, एका तुळईवर, कोरलेला आहे. त्यात भीमरथीच्या, म्हणजे आपल्या भीमेच्या, तीरावरील या गावास 'पंडरगे' म्हटले आहे. पुढे १२४९ मधील यादव राजा कृष्ण याच्या काळातील ताम्रपटात पौंडरीकक्षेत्र असा उल्लेख येतो. १२७० मधील पंढरपूरच्याच एका शिलालेखात, भानूचा पुत्र केशव याने आप्तोर्याम याग केल्याची नोंद असून तेथे गावाचे नाव पांडुरंगपूर असे आहे. देवळातील चौऱ्यांशीचा प्रसिद्ध लेख १२७३ ते १२७७ या वर्षांतील. ज्या शिळेस पाठ लावली असता चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो असे भाविक मानतात, तीच ही शिळा. तीत देवळासाठी अनेकांनी दिलेल्या देणग्यांची नोंद आहे आणि यादव राजा रामचंद्रदेव यास 'पंढरीफडमुख्य' म्हटले आहे. राजाधिराजाने पंढरीच्या फडाचा मुख्य म्हणवून घेण्यात भूषण मानले, ही गोष्ट मोठी मननीय आहे.

कै. ग. ह. खरे यांनी हे लेख परिश्रमपूर्वक तपासून पंढरपूरच्या इतिहासाचा पाया घातला. पुढे डॉ. रा. चिं. ढेरे यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या ग्रंथात असे मत मांडले की, पंडरगे हे गावाचे मूळ कन्नड नाव असून पंढरपूर, पांडुरंग, पौंडरीक ही त्यावरून सिद्ध झालेली रूपे होत. यावर कोणी म्हणेल, पांडुरंगपल्ली तर पंडरगेच्या सातशे वर्षे आधीची! परंतु ताम्रपट संस्कृतात लिहीत, आणि लिहिणारा पंडित गावोगावच्या बोलीतील नावांना संस्कृत वेष चढवी. कागदोपत्री एक नाव आणि पाणवठ्यावर दुसरे, हा प्रकार आपल्याकडे आजही आहे. शिवाय अशा घडणीचे नाव या मुलखात एकटे नाही. सिद्धरामेश्वरांच्या सोलापूरचे जुने नाव सोन्नलगी होते, हे ध्यानात घेतले म्हणजे पंडरगे हे नाव परके वाटत नाही. भीमेच्या दोन्ही काठांवर मराठी आणि कानडी या दोन भाषा शतकानुशतके एका घरात नांदल्या आहेत. आमच्या संतांनी देवास कानडा म्हणून आळविले, ते उगाच नव्हे.

हरि आणि हर

तिसरा अर्थ शिवभक्तांचा. सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी वैष्णव आणि शैव पंथांवरील आपल्या १९१३ च्या ग्रंथात दाखवून दिले की, हेमचंद्राने पांडुरंग हे नाव रुद्राच्या अर्थी नोंदले आहे. कर्पूरासारखा गौर, भस्म चर्चिलेला शंकर हा खरोखरच शुभ्र अंगाचा! मग हे नाव सावळ्या विठ्ठलाकडे कसे आले? पंढरीत पाऊल ठेवणाऱ्यास याचे उत्तर वाळवंटातच मिळते. चंद्रभागेत स्नान करून वारकरी प्रथम पुंडलिकाच्या दर्शनास जातो आणि त्या समाधीवर शिवलिंग आहे. विठ्ठलाने मस्तकी शिवलिंग धारण केले आहे, अशी संप्रदायाची दृढ भावना आहे. एकादशीबरोबर सोमवार पाळणारा वारकरी आपल्याच घरात आहे. तेव्हा नाव हराचे आणि रूप हरीचे, असा हा संगम त्या नावाच्या पोटातच झालेला आहे.

काळी आणि पांढरी

चौथा अर्थ कोशात शोधण्याची गरज नाही. तो शेतकऱ्याच्या तोंडी आहे. आपल्या खेड्यात जमिनीचे दोन भाग मानतात, काळी आणि पांढरी. पिकते ती काळी, आणि जेथे घरे उभी राहतात ती गावठाणाची माती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्यांच्या भिंती पडून, चुली सारवून, राख मिसळून ती माती पांढुरकी होते. म्हणूनच 'पांढरीची पुण्याई' असे आपण म्हणतो. पांढरी म्हणजे नांदते गाव. पंढरी हा शब्द व्याकरणाने त्यावरून आला असा आमचा दावा नाही. परंतु कानाला दोन्ही शब्द सख्ख्या बहिणींसारखे लागतात, आणि काळ्या रानातून आलेला कुणबी पंढरीस जातो तेव्हा त्याच्या मनात हा अर्थ उमटल्यावाचून राहत नसेल. सावळा देव आणि पांढरी माती! जणू काळी आणि पांढरी यांचे लग्नच विटेवर लागले.

कोणता अर्थ खरा?

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे वळू. एवढ्या अर्थांतून खरा कोणता? येथे आम्हांस यास्काचार्यांच्या निरुक्ताची आठवण होते. वेदांतील शब्दांचे निर्वचन करताना हा महर्षी एकाच उत्तरावर थांबत नाही. अग्नी या एका शब्दाची तो अनेक निर्वचने देतो, आणि शाकपूणि नावाच्या आचार्याने तर तो शब्द तीन धातूंपासून सिद्ध केल्याचेही सांगतो. शब्दाचा उगम आणि शब्दाचा अर्थ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नदीचा उगम एखाद्या कपारीत असतो. पण तिचे पाणी केवळ त्या कपारीचे नसते. भीमा भीमाशंकराच्या डोंगरात निघते, वाटेत कितीक प्रवाह पोटात घेते आणि पंढरीशी येऊन चंद्रकोरीसारखी वळते, तेव्हा तिला आपण चंद्रभागा म्हणतो. ते नाव खोटे म्हणावयाचे काय?

आम्ही तर त्याहून पुढे जाऊन म्हणू की, पंडरगेचे मत ग्राह्य धरले तर भक्ताचे काही हरवत नाही. उलट हाती मोठे निधान लागते. बहुधा देव गावास नाव देतो. तुळजाभवानीचे तुळजापूर, त्र्यंबकेश्वराचे त्र्यंबक, ही उदाहरणे आपल्यासमोर आहेत. विजयनगरात, आजच्या हंपीत, विठ्ठलाच्या भव्य देवळाभोवती वस्ती झाली, तिलाही देवावरून विठ्ठलपूर म्हणू लागले. भीमाकाठी मात्र उलटे घडले. येथे एका लहानशा गावाने देवास आपले नाव दिले आणि देवाने ते घेतले! वैकुंठाचा स्वामी गावकऱ्यांत गावकरी झाला, त्यांची बोली बोलू लागला, त्यांच्या गावाच्या नावाने ओळखला जाऊ लागला. पुंडलिकाची कथा तरी दुसरे काय सांगते? भक्ताने जे दिले त्यावर देव उभा राहिला. वीट दिली, विटेवर उभा राहिला. नाव दिले, नावात उभा राहिला. पोथी आणि शिलालेख येथे एकमेकांशी भांडत नाहीत. एकच गोष्ट दोघेही आपापल्या भाषेत सांगतात.

नावाची जबाबदारी

परंतु पांढरी म्हणजे नांदते गाव असेल, तर गावातील कोणीही तीबाहेर राहता कामा नये. या कसोटीवर आमचा समाज दीर्घकाळ उतरला नाही, हे सणाच्या दिवशीही सांगितले पाहिजे. ज्या चोखोबांच्या अभंगांनी आमच्या कीर्तनास डोळ्यांत पाणी येते, त्यांना जन्मभर देवळाबाहेरच उभे राहावे लागले. मंगळवेढ्यास १३३८ मध्ये गावकुसाच्या बांधकामात भिंत कोसळून त्यांचा अंत झाला. त्यांची समाधी महाद्वारासमोर आहे, नामदेवांच्या पायरीजवळ, उंबऱ्याच्या बाहेर. पुढे शतके लोटली. १ मे १९४७ रोजी साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण आरंभिले, आणि १० मे रोजी ते सुटले ते देवळाचे दार अस्पृश्य म्हणून दूर ठेवलेल्या बांधवांस उघडे करण्याचा निर्णय झाल्यावर. आमच्या मते त्या दिवशी पंढरी या नावाचा अर्थ पुरा होण्यास आरंभ झाला. शुभ्रतेचे नाव धारण करणाऱ्या गावावरचा एक डाग धुण्याचे काम एका मातृहृदयी पुरुषाने आपल्या प्राणांचे मोल लावून केले.

म्हणून त्या तरुणांस आमचे सांगणे एवढेच की, आजीची माळ जिच्या नावाने फिरते त्या नावात कानडी मुलखातले एक जुने गाव आहे, आईबापांचे पाय चेपणारा पुंडलिक आहे, भस्म ल्यालेला शंकर आहे, गोधुळीने माखलेला गोपाळ आहे, शेतकऱ्याच्या घराची माती आहे, आणि उंबऱ्याबाहेर उभा राहूनही ज्याने देवाची आस सोडली नाही तो चोखोबाही आहे. यातील एकालाही वगळून ते नाव पुरे होत नाही.

आपल्या घरात कोणी पांडुरंग असेल, कोणी पंढरीनाथ, कोणी पुंडलिक. एकादशीस पंढरीस जाणे सर्वांस साधत नाही. प्रकृती, नोकरी, घरची आजारपणे पाय धरतात. त्यांनी मनात खंत बाळगू नये. फराळापूर्वी घरातील लेकरांना जवळ घेऊन या एका नावाचे हे अर्थ सांगावे, आणि मग सर्वांनी मिळून विठ्ठलाचा गजर करावा. जेथे वडीलधाऱ्यांची सेवा होते आणि दारी आलेल्यास आत घेतले जाते, ते घर त्या दिवसापुरते पंढरीच होय.