फाइल सिस्टीममधील कुलूपव्यवस्था : रायझरएफएसचे उदाहरण

उज्जैनच्या सिंधिया प्राच्यविद्या शोध प्रतिष्ठानात हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे. समजा, अशा संग्रहाची नोंदवही दोन कारकून एकाच वेळी बदलू लागले, तर कोणते हस्तलिखित कोणत्या कपाटात आहे हे कोणालाच सांगता येणार नाही. डिस्कवरील फाइलींची नोंद ठेवणाऱ्या फाइल सिस्टीमपुढे हाच प्रश्न असतो. त्यावरील उपाय म्हणजे 'लॉक' अर्थात कुलूप होय. ज्याच्या हाती किल्ली, त्यानेच नोंद बदलावी, इतरांनी थांबावे.

1996 मध्ये लिनक्सच्या 2.0 आवृत्तीत अनेक प्रोसेसरांची सोय झाली, तेव्हा 'बिग कर्नल लॉक' हे एकच कुलूप साऱ्या कर्नलला लावण्यात आले. त्यामुळे एकमेकांशी संबंध नसलेली कामेही अडून राहत. शिवाय त्याचे वागणे विलक्षण होते. कुलूप घेतलेले काम डिस्कची वाट पाहत निद्रिस्त झाले की ते आपोआप सुटे आणि काम जागे होताच पुन्हा लागे.

रायझरएफएस या फाइल सिस्टीमची रचना याच सवयीवर बेतलेली होती. तिच्या नोंदी वृक्षाच्या रूपात असत. डिस्क वाचून होईपर्यंत दुसऱ्या कामाने वृक्ष बदललेला असणे शक्य होते. म्हणून तसा बदल तपासून शोध नव्याने सुरू करण्याची तजवीज तिच्यात होती. फ्रेडरिक वाइसबेकर यांनी मोठ्या कुलपाऐवजी प्रत्येक फाइल सिस्टीमला स्वतंत्र कुलूप दिले. हा बदल 2010 मध्ये 2.6.33 आवृत्तीत आला.

खरे कष्ट येथेच होते. साधे कुलूप झोपेत सुटत नाही. काम कोठे कोठे झोपू शकते ती ठिकाणे शोधून तेथे कुलूप हाताने सोडावे व पुन्हा घ्यावे लागले. एखादे ठिकाण राहिले, तर दोन कामे परस्परांच्या कुलपांची वाट पाहत कायमची अडकणार. नको तेथे सोडले, तर अर्धवट बदललेला वृक्ष दुसऱ्याच्या हाती लागून फाइली बिघडणार. कुलपे घेण्याचा क्रम टिपून कोंडी होण्यापूर्वीच इशारा देणारी 'लॉकडेप' ही तपासणी 2006 पासून कर्नलमध्ये होती. अशा कामात तिचे साहाय्य अमोल ठरते. नुसत्या डोळ्यांनी हजारो ओळी तपासणे अशक्यप्राय आहे.

2011 मध्ये 2.6.39 आवृत्तीतून मोठे कुलूप पूर्णतः हटले. वापर घटलेली रायझरएफएस मात्र जानेवारी 2025 मधील 6.13 आवृत्तीत कर्नलमधून वगळण्यात आली.