शेतीची यंत्रे आणि मुलींची कारागिरी

कोल्हापूर जिल्ह्यातील ऊसशेती मोठ्या प्रमाणावर नदीच्या उपशावर अवलंबून आहे. पंचगंगा, भोगावती, दूधगंगा इत्यादी नद्यांवरील कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत अडविलेले पाणी विद्युत पंपाने उचलून शेतात नेले जाते. पंपाची मोटार जळाली की पाण्याची पाळी चुकते, आणि उन्हाळ्यात लागोपाठ पाळ्या चुकल्यास उसाची वाढ खुंटते. पुराच्या वेळी अडचण आणखी वाढते. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ सारख्या महापुरात वेळेवर न काढलेली मोटार पाण्याखाली जाते. ती उघडून, धुऊन, सुकवून व तपासूनच पुन्हा चालू करावी लागते. अशा वेळी सर्वांनाच एकदम कारागीर हवा असतो. म्हणून गावातच जाणते कारागीर तयार होणे हे शेतीच्या हिताचे आहे.

हे कारागीर आजवर बहुतेक पुरुषच होत आले. उसाची लावण, भांगलण, जनावरांची वैरण ही कामे स्त्रिया करतात. परंतु यंत्र आले की ते पुरुषाच्या हाती जाते. यंत्राचे काम बायकांना झेपत नाही, असे त्याचे कारण सांगण्यात येते. हे कारण कितपत खरे आहे, हे प्रत्यक्ष कामावरून पाहावे.

मोटार भरण्याचे काम

कमी दाबाचा वीजपुरवठा, तीनपैकी एक फेज जाणे, पाण्याविना पंप चालणे अथवा बेअरिंग झिजणे या कारणांनी मोटार जळते. कारागीर प्रथम दोष शोधतो. नंतर जळालेली तार काढून वेढे मोजतो, खाचांत विद्युतरोधक कागद बसवितो, त्याच जाडीच्या तांब्याच्या तारेचे तितकेच वेढे भरतो, व्हार्निश देऊन सुकवितो आणि शेवटी रोधकता तपासतो. यात नजर, मोजमाप व चिकाटी लागते. जड मोटार उचलण्यासाठी पुरुषही साखळी-कप्पीच वापरतात. तेव्हा शरीरबळाचा आक्षेप येथे टिकत नाही.

शिक्षणाची सोय

कोल्हापूर येथे कळंबा रस्त्यावर शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. राज्यातील अशा संस्थांत मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत. वीजतंत्री, तारतंत्री व जोडारी हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे, तर संधाता व डिझेल मेकॅनिक हे एक वर्षाचे आहेत. काही व्यवसायांना दहावी अनुत्तीर्ण उमेदवारही पात्र असतात. शिक्षणानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली कारखान्यात विद्यावेतनासह काम शिकता येते.

शेतीतील नव्या यंत्रांची वाटही खुली झाली आहे. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘नमो ड्रोन दीदी’ योजना मंजूर केली. तीत महिला बचत गटांना ड्रोनसाठी किमतीच्या ८० टक्के, कमाल ८ लाख रुपयांपर्यंत साहाय्य आणि निवडलेल्या महिलेस १५ दिवसांचे प्रशिक्षण अशी तरतूद करण्यात आली.

सातारा जिल्ह्यातील उदाहरण

सातारच्या एका शेतकऱ्याची कन्या सुरेखा यादव यांनी कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेतली आणि १९८९ मध्ये त्या मध्य रेल्वेत सहायक चालक झाल्या. आशियातील पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून त्या ओळखल्या जातात. मालगाड्यांपासून १३ मार्च २०२३ रोजी सोलापूर ते मुंबई वंदे भारत गाडीपर्यंत त्यांनी गाड्या चालविल्या व सप्टेंबर २०२५ अखेर त्या सेवानिवृत्त झाल्या. त्यांची वाट तंत्रशिक्षणातून निघाली, ही गोष्ट पालकांनी ध्यानात घ्यावी.

कार्यकर्त्यांनी काय करावे

१. दहावीच्या निकालापूर्वीच मुलींच्या पालकांची भेट घ्यावी. ऑनलाइन प्रवेश अर्ज व दाखले मुदतीत पूर्ण करून द्यावेत.

२. पालकांची खरी चिंता बहुधा जाण्यायेण्याची असते. एकाच गावातील अथवा वाटेवरील दोन-तीन मुलींनी मिळून प्रवेश घ्यावा, म्हणजे प्रवासात सोबत होते. एस. टी. च्या वेळा व पासाची माहिती आधीच द्यावी.

३. काम करताना केस बांधलेले व कपडे अंगासरशी असावेत. बांगड्या व अंगठ्या काढून ठेवाव्यात. वीजपुरवठा तोडून त्याची खात्री केल्याशिवाय मोटारीस हात लावू नये. ढिले धोतर किंवा उपरणे वापरणाऱ्या पुरुषांनाही हाच नियम लागू आहे.

४. शिकून आलेल्या मुलीस पहिले काम गावानेच द्यावे. पाणीपुरवठा संस्था, सेवा सोसायटी व ग्रामपंचायत यांच्या पंपांची देखभाल तिच्याकडे सोपविल्यास इतरांचाही विश्वास बसतो.

शेवटची सूचना विशेष महत्त्वाची आहे. प्रमाणपत्र मिळूनही काम न मिळाल्यास ती मुलगी पुन्हा भांगलणीला जाते, आणि तिचे पाहून शेजारची मुलगी अर्जच करीत नाही. उलट तिने भरलेली मोटार एक हंगाम सुरळीत चालली, तर निराळ्या प्रचाराची गरज उरत नाही. शेतकरी बंधूंनी आपली मोटार दुरुस्तीस देताना मुलगी की मुलगा हे न पाहता काम पाहावे, मजुरी दोघांनाही सारखीच द्यावी, आणि आपल्या घरातील मुलीच्या हातीही पाना देऊन पाहावा.