फाइल उघडली नाही म्हणून मजकूर फेकू नका!

लिहिलेले जपून ठेवले नाही की काय होते, हे आपल्या समाजाला कुणी नव्याने शिकवण्याची गरज नाही. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण १९५६ साली झाले आणि महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन-भाषणांचा पहिला खंड काढला तो १९७९ साली. मधल्या तेवीस वर्षांत एक पिढी म्हातारी झाली. 'इंडिया अँड द प्रि-रिक्विझिट्स ऑफ कम्युनिझम' या नियोजित ग्रंथाची तर काही प्रकरणेच हाती लागली आणि ती १९८७ साली तिसऱ्या खंडात छापली गेली. वसंत मून यांच्यासारख्या माणसाने एकेका कागदासाठी जीव टाकला म्हणून आज एवढे तरी आपल्या हाती आहे.

तेव्हा शत्रू वाळवी होती. आजचा शत्रू वेगळा आहे, तो दिसत नाही. १९९० नंतर आपल्या वस्त्यांतून डीटीपीची दुकाने निघाली. विहाराची स्मरणिका, जयंतीचा विशेषांक, निवृत्त शिक्षकाचे आत्मकथन, कामगार संघटनेची निवेदने, अत्याचाराच्या प्रकरणातील तक्रार अर्ज, सारे संगणकावर टाइप होऊ लागले. ते फ्लॉपीवर, सीडीवर, पेनड्राइव्हवर घरी आले आणि कपाटात पडले. आज नातू ती फाइल उघडतो, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस आणि चिन्हे यांचा नुसता काला! 'फाइल करप्ट झाली' असे म्हणून तो ती पुसून टाकतो. एका माणसाचे आयुष्य एका बटणाने जाते.

खरे म्हणजे त्यातील असंख्य फाइली बिघडलेल्याच नसतात. युनिकोड रुळण्याआधी मराठी टाइप करण्यासाठी श्रीलिपी, आकृती, कृतीदेव, सीडॅकचे योगेश आणि सुरेख असे फॉन्ट वापरले जात. या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. म्हणजे फाइलमध्ये साठते इंग्रजी अक्षराचा संकेत आणि पडद्यावर दिसते मराठी. फॉन्ट संगणकात नसेल तर मराठीचा मुखवटा गळून पडतो आणि खालचे इंग्रजी उघडे पडते. मजकूर जिथल्या तिथे असतो. हरवलेली असते ती फक्त किल्ली.

म्हणून अशी फाइल दिसली की प्रथम तिची प्रत काढावी आणि मूळ फाइलला हात लावू नये. प्रतीतला मजकूर निवडला की वर्डमध्ये फॉन्टच्या चौकटीत जुन्या फॉन्टचे नाव दिसते. ते वहीत लिहून घ्यावे. तो फॉन्ट मिळवून बसवला की मजकूर पुन्हा वाचता येतो. मग त्या फॉन्टसाठी असलेल्या परिवर्तकातून तो युनिकोडमध्ये न्यावा. प्रत्येक फॉन्टचे संकेत वेगळे, त्यामुळे एकाचा परिवर्तक दुसऱ्याला चालत नाही. रूपांतर झाल्यावर पहिली वेलांटी आणि रफार डोळ्यांत तेल घालून तपासावेत. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी साठते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचे याच्या उलट. चुका तिथेच होतात. आणखी एक धोका म्हणजे वर्डची आपोआप दुरुस्ती करण्याची सोय. वाक्याचे पहिले अक्षर तिने मोठे केले, की आतला संकेत बदलतो आणि मराठी अक्षरच वेगळे होऊन बसते. जुन्या फाइलीवर काम करण्यापूर्वी ही सोय बंद करावी.

काही फाइली मात्र खरोखरच बिघडतात. छपाईच्या आदल्या रात्री वीज जाते, पेनड्राइव्ह घाईने उपसला जातो आणि सकाळी फाइल उघडत नाही. तरीही हातपाय गाळण्याचे कारण नाही. वर्डच्या 'ओपन' खिडकीत फाइल निवडल्यावर बटणाशेजारच्या बाणाखाली 'ओपन अँड रिपेअर' हा पर्याय असतो. तो चालला नाही तर तीच फाइल लिबरऑफिसमध्ये उघडून पाहावी. वर्ड जिथे अडते तिथे ते कधीकधी पुढे जाते. २००७ पासून आलेली डॉकएक्स फाइल ही मुळात एक झिप गठडी आहे. प्रतीच्या नावाचे शेपूट बदलून झिप केले आणि ती गठडी सुटली, तर 'वर्ड' नावाच्या कप्प्यात 'डॉक्युमेंट' ही फाइल सापडते. सारा मजकूर तिच्यात असतो. सजावट गेली तरी शब्द वाचतात. आणि आपल्याला शब्दच हवे आहेत.

सेव्ह न करताच वर्ड बंद पडले असेल, तर 'रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स' येथे शोध घ्यावा. वर्ड मूळ मांडणीनुसार दर दहा मिनिटांनी एक तात्पुरती नोंद ठेवते. फाइल चुकून पुसली गेली असेल, तर त्या पेनड्राइव्हवर पुढे काहीही साठवू नये. पुसलेली फाइल लगेच नष्ट होत नाही, तिची जागा फक्त रिकामी म्हणून जाहीर होते. नवे काही तिथे बसले, की जुने कायमचे गेले. फोटोरेकसारख्या मोफत साधनाने ती परत मिळण्याची आशा तोपर्यंतच असते. नव्या एसएसडी डिस्कवर ही आशा फार थोडी, कारण तिथे पुसलेला भाग लवकरच साफ होतो.

हे सारे तंत्र आहे, पण प्रश्न तंत्राचा नाही. प्रस्थापितांच्या लेखनासाठी ग्रंथालये आहेत, संस्था आहेत, अनुदाने आहेत. आपल्या गावच्या स्मरणिकेत छापलेली सत्याग्रहाची हकिकत दुसरीकडे कुठेही नाही. ती टाइप करणारे डीटीपीवाले आज उतारवयाला लागले. कोणत्या फाइलीला कोणता फॉन्ट, हे त्यांनाच ठाऊक आहे. ते गेले की किल्लीही गेली. मग उद्या कुणी म्हणाले, तुमच्याकडे पुरावा काय, तर आपण काय दाखवणार?

विहारांत रविवारी वर्ग चालतात. संगणक शिकलेली मुले आज घरोघर आहेत. प्रत्येक वस्तीत दोन-चार मुलांनी वर्षातले काही रविवार या कामाला द्यावेत. जुनी डीटीपीची दुकाने गाठावीत, कपाटातल्या सीड्या बाहेर काढाव्यात, मजकूर युनिकोडमध्ये आणावा. एक प्रत संगणकात, एक दुसऱ्याच्या घरी आणि एक कागदावर छापून विहाराच्या कपाटात ठेवावी. नुसत्या पीडीएफवर विसंबू नये. जुन्या फॉन्टमधली पीडीएफ डोळ्यांना मराठी दिसते, पण तिच्यातून उतरवून घेऊ गेले की पुन्हा तोच काला हाती येतो.

आपल्या आजोबांना लिहू दिले गेले नाही. वडिलांनी लिहिले. ते पुसण्याचे पाप तरी आपल्या हातून होऊ नये!