शस्त्रक्रियेची तारीख पुढे जाते तेव्हा

घरातील एखाद्या माणसावर मोठी शस्त्रक्रिया व्हावयाची आहे असे कळले म्हणजे आप्तेष्टांची धावपळ सुरू होते. कोणी पैशाची तजवीज करतो, कोणी मुंबईच्या ओळखी काढतो, कोणी रोग्याची मुले आपल्या घरी नेतो. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी रुग्णालयाच्या आवारात पंधरा-वीस माणसे जमतात. ही आपल्या समाजाची जमेची बाजू आहे. तिची थट्टा करण्याचे कारण नाही. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी परिचारिका येऊन सांगते की, आज शस्त्रक्रिया होणार नाही, नवी तारीख मागाहून कळेल. मंडळी परततात. महिन्याने दुसरी तारीख मिळते तेव्हा आवारात सहा-सात माणसे असतात. तीही तारीख टळते. तिसऱ्या खेपेस रोगी, त्याची पत्नी व एखादा भाऊ एवढेच गाडीची वाट पाहत फलाटावर उभे असलेले दिसतात.

वस्तुतः आधाराची गरज या तिसऱ्या खेपेस सर्वांत अधिक असते. प्रथम गाठीस पैसा असतो, रजा शिल्लक असते, मनात उमेद असते. प्रत्येक टळलेल्या तारखेबरोबर या तिन्ही गोष्टी थोड्या थोड्या खर्च होत जातात. बाहेरच्या माणसास मात्र वाटते की, अद्याप काही घडलेलेच नाही. ज्या घराने दोनदा सामान बांधले आणि दोनदा मन घट्ट केले, त्या घरात पुष्कळच घडून गेलेले असते. याचे कारण असे की, लोकांनी आपली मदत रोग्याशी न बांधता तारखेशी बांधलेली असते. तारीख टळली की मदतही टळते.

हृदयाची झडप बदलण्याच्या शस्त्रक्रियेचे उदाहरण घेऊ. बालपणी घसा बिघडून पुढे सांधेतापाचे दुखणे झाले असेल, तर काहींच्या हृदयाच्या झडपा हळूहळू निबर होतात आणि तिशी-चाळिशीत जिना चढताना धाप लागू लागते. अशा झडपेच्या जागी कृत्रिम झडप बसविताना पुष्कळदा छातीचे मधले हाड उघडावे लागते. हृदय थांबवून त्याचे काम तेवढा वेळ यंत्राकडे सोपविले जाते. नंतर काही दिवस रोग्यास अतिदक्षता विभागात ठेवावे लागते. म्हणजे शस्त्रवैद्य, भूलतज्ज्ञ, यंत्र चालविणारा तंत्रज्ञ, पुरेसे रक्त आणि अतिदक्षता विभागातील मोकळी खाट, इतक्या गोष्टी एकाच दिवशी जुळून याव्या लागतात. यांपैकी एक जरी हुकली तरी दिवस हुकतो. रात्री अपघाताचा किंवा हृदयविकाराच्या झटक्याचा रोगी आला आणि ती खाट त्यास द्यावी लागली, तर सकाळच्या रोग्याची पाळी जाते. त्यात कोणाचा दुष्टावा नसतो. इंग्लंडात हा प्रकार इतका परिचयाचा आहे की, रुग्णालयाच्या कारणास्तव ऐन दिवशी शस्त्रक्रिया रद्द झाल्यास २८ दिवसांच्या आत दुसरी तारीख द्यावी, असा दंडक तेथील सरकारी आरोग्यसेवेस घालून द्यावा लागला. २०२० साली करोनाच्या साथीत तर तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया जगभर पुढे ढकलल्या गेल्या. त्या वर्षीच्या मार्चमध्ये भारत सरकारनेही तसा सल्ला रुग्णालयांना दिला होता.

कित्येकदा कारण रोग्याच्या शरीरातच असते, आणि ते पटवून घेणे कुटुंबास फार जड जाते. ‘दात किडला आहे म्हणून हृदयाची शस्त्रक्रिया पुढे ढकलली’ हे ऐकून गावाकडील वडील मंडळींना वैद्याने काही निमित्त काढले असे वाटते. परंतु किडलेल्या दातातील जंतू रक्तात उतरून नव्या झडपेवर घर करू शकतात आणि तसे झाल्यास जिवावर बेतते. लघवीतील जंतुदोष, खोकला, ताप, आटोक्यात नसलेला मधुमेह ही कारणेही त्याच जातीची आहेत. येथे पुढे गेलेली तारीख रोग्याच्या हिताची असते. उलट कधी कधी कुटुंबच तारीख मोडते. पितृपक्ष आहे, अमावास्या आहे, घरात लग्न निघाले आहे अशा सबबी सांगितल्या जातात. रुग्णालयाच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांनी आपल्या बाजूच्या या तारखाही मोजाव्यात.

यास्तव तारीख टळली म्हणजे जवळच्या माणसाने प्रथम एकच प्रश्न शांतपणे विचारावा: कारण रोग्याकडचे आहे, रुग्णालयाकडचे आहे की कागदपत्रांकडचे? कारण रोग्याकडचे असेल तर त्यावर उपाय कोणता व तो कोठे करावयाचा, हे लिहून घ्यावे आणि दंतवैद्याकडे नेण्याचे काम कोणीतरी त्याच आठवड्यात अंगावर घ्यावे. रुग्णालयाकडचे असेल तर नवी तारीख कोण ठरविणार, कोणत्या वारी चौकशी करावयाची आणि तोवर थांबणे रोग्यास सोसेल काय, हे विचारावे. कागदपत्रांचे असेल तर वैद्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. महाराष्ट्रात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. अशा योजनेतून खर्च व्हावयाचा असेल तर शस्त्रक्रियेपूर्वी मंजुरी यावी लागते. योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयांत त्यासाठी ‘आरोग्यमित्र’ नेमलेला असतो. शिधापत्रिकेवरील नाव आणि आधारपत्रावरील नाव यांत एका अक्षराचा फरक असला तरी काम अडू शकते. अशा वेळी दहा शुभेच्छुकांपेक्षा तहसील कचेरीत दोन फेऱ्या मारणारा एक पुतण्या अधिक उपयोगी पडतो.

आता एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि घाईत तीच बहुधा विसरली जाते. झडपेच्या अनेक रोग्यांना रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असते. शस्त्रक्रियेपूर्वी काही दिवस ती वैद्याच्या सांगण्यावरून बंद केली जाते. तारीख टळते, रोगी घरी येतो, आणि बंद केलेली गोळी बंदच राहते. कारण ती पुन्हा सुरू करावयास कोणी सांगितलेले नसते व कोणी विचारलेलेही नसते. अशा स्थितीत हृदयात गुठळी होऊन ती मेंदूकडे गेली तर अर्धांगवायूचा झटका येऊ शकतो. तेव्हा रुग्णालयाचा दरवाजा ओलांडण्यापूर्वी, बंद केलेल्या गोळ्यांपैकी कोणत्या, केव्हापासून व किती घ्यावयाच्या, हे वैद्याकडून कागदावर लिहून घ्यावे. आपल्या बुद्धीने गोळी सुरूही करू नये आणि बंदही ठेवू नये. मधुमेहाच्या औषधांसही हाच नियम लागू आहे.

उपवासाचेही तसेच आहे. भूल देण्यापूर्वी साधारणतः सहा तास अन्न व दोन तास पाणी वर्ज्य असते. नेमकी वेळ रुग्णालय सांगते. शस्त्रक्रिया रद्द झाल्याचे दुपारी कळते आणि रोगी बिचारा संध्याकाळपर्यंत कोरड्या घशाने पडून राहतो. आता खाण्यास हरकत आहे काय, हे तत्काळ विचारणे हे जवळच्या माणसाचे काम होय. रोग्याबरोबर सासूबाईंचा नवसाचा उपवास आणि पत्नीचा काळजीचा उपवास चाललेला असतो, तोही त्याच वेळी सुटलेला बरा. उपाशी माणसे रुग्णालयाच्या जिन्यात एकमेकांवर चिडतात, आणि तो राग बहुधा सर्वांत गरीब स्वभावाच्या माणसावर निघतो.

रक्ताच्या बाबतीतही उत्साहास थोडी शिस्त हवी. पैसे घेऊन रक्त देण्याची पद्धत भारतात १ जानेवारी १९९८ पासून बंद झाली. सर्व भिस्त स्वेच्छेने देणाऱ्यांवर व नातलगांवर असते. एकदा रक्त दिल्यावर पुरुषास तीन महिने व स्त्रीस चार महिने पुन्हा देता येत नाही. साठविलेल्या रक्तातील तांबड्या पेशी पाच-सहा आठवडे टिकतात, परंतु रक्त गोठण्यास साहाय्य करणाऱ्या बिंबिका जेमतेम पाच दिवस राहतात. पहिल्याच तारखेस गावातील सर्व तरुणांनी एका दिवशी रक्त दिले तर तिसऱ्या तारखेस हाताशी कोणी उरत नाही. रक्तपेढीस विचारून पाळ्या लावाव्यात. दाते कोण, कोणाची पाळी केव्हा, याची यादी एखाद्या शिक्षकाने किंवा ग्रामसेवकाने ठेवली तर घरच्यांच्या डोक्यावरील एक ओझे उतरते.

परगावाहून मुंबईस आलेल्यांचा खरा खर्च रुग्णालयात होत नाही, तो बाहेर होतो. परळ भागात कर्करोगाच्या उपचारांसाठी येणाऱ्या रोग्यांचे नातलग दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात, हे अनेकांस ठाऊक आहे. परंतु अशा ठिकाणी जागा सर्वांस मिळतेच असे नाही, आणि पदपथावर चटई टाकून झोपणारी कुटुंबे आजही दिसतात. ज्यांचे मुंबईत बिऱ्हाड आहे अशा नातलगाने ‘काही लागले तर सांगा’ असे म्हणून मोकळे होऊ नये. त्या शब्दांनी आजवर कोणाची अडचण भागलेली नाही, कारण मागणे हेच भल्या माणसास जड जाते. त्याऐवजी ‘मंगळवारी व शुक्रवारी दुपारचा डबा आमच्याकडून येईल, तारीख असो वा नसो’ असे सांगावे. गावाकडील शेजाऱ्याने गाईची धार आणि पिकाचे पाणी आपल्याकडे घ्यावे; तेही पंधरवड्यापुरते नव्हे, रोगी घरी येऊन हिंडूफिरू लागेपर्यंत. पैसे द्यावयाचे असतील तर एकदम सारे न देता काही भाग दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या गाडीभाड्यासाठी राखून ठेवावा आणि तसे आधीच कळवावे.

बोलण्याविषयी थोडेसे. ‘झाली का हो शस्त्रक्रिया?’ हा प्रश्न विचारणारा एकदा विचारतो, पण घरच्या माणसाला त्याचे उत्तर दिवसातून वीस वेळा द्यावे लागते, आणि प्रत्येक वेळी नकार उच्चारावा लागतो. म्हणून कुटुंबाने एक मामा किंवा एक मेहुणा नेमावा. सर्वांनी चौकशी त्याच्याकडेच करावी. ‘जे होते ते बऱ्यासाठीच’ हे वाक्य रोग्याच्या पत्नीसमोर उच्चारू नये. तिला त्या क्षणी तत्त्वज्ञान नको असते. धाकट्याची शाळेची फी भरली गेली का, हे हवे असते. मुलांनाही खोट्या तारखा सांगू नयेत. ‘बाबा सोमवारी बरे होऊन येतील’ असे दोनदा ऐकून दोनदा फसलेले मूल तिसऱ्यांदा खरे सांगितले तरी विश्वास ठेवीत नाही. आणि रोग्याच्या मनात आपण घरादारास ओझे झालो हा विचार दुसऱ्या तारखेपासून घर करू लागतो. त्याने ‘आता राहू दे ही शस्त्रक्रिया’ असे म्हटले तर त्यास रागावू नये. वैद्यासमोर त्यास बसवून, न केल्यास काय होईल, हे त्यास स्वतः विचारू द्यावे.

मधल्या काळात दुखणे मात्र थांबलेले नसते. उताणे निजल्यावर गुदमरू लागणे, रात्री उठून बसावे लागणे, पाय सुजणे, चार दिवसांत वजन वाढणे, घेरी येऊन पडणे, ताप येत राहणे, यांपैकी काही दिसले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता वैद्यास दाखवावे. एकाएकी तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला वा शब्द अडखळू लागले तर तत्क्षणी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अशा बिघाडाने कधी कधी रोग्याची पाळीही आधी लागते. म्हणून ‘तारीख मिळाली आहे ना, तोवर कळ काढा’ असा सल्ला कोणीही देऊ नये. या काळात तंबाखू व मिश्री सुटली तर उत्तमच, आणि ती सोडविण्यास घरातील इतरांनीही आपली डबी बाजूस ठेवावी लागते.

पुढे एके दिवशी शस्त्रक्रिया होते आणि पेढे वाटले जातात. परंतु छातीचे हाड सांधण्यास सहा ते आठ आठवडे व पुरते बळकट होण्यास तीन महिन्यांच्या आसपास अवधी लागतो. तोपर्यंत रोग्याने पाण्याचा हंडा, धान्याचे पोते किंवा कडेवर मूल घ्यावयाचे नसते. धातूची कृत्रिम झडप बसविली असेल तर रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि तिचे प्रमाण ठरविण्यासाठी वरचेवर रक्त तपासावे लागते. तपासणीसाठी तालुक्याच्या गावी जावयाचे, तेव्हा बरोबर कोण जाणार आणि तोवर हंडा कोण भरणार, हे तिसऱ्या तारखेस बरोबर असलेल्या मंडळींनी आधीच ठरवून ठेवावे.