बोनालूचं मडकं

चुलीवरून डोक्यावर

आपल्याकडे वारकरी पंढरीच्या वाटेला लागलेले असतात, त्याच आषाढात हैदराबादेत बोनालू सुरू होतो. पहिला मान गोवळकोंडा किल्ल्यावरच्या जगदंबिकेचा, मग सिकंदराबादची उज्जयिनी महाकाली, पुढे जुन्या शहरातला लाल दरवाजा. २०१४ पासून हा तेलंगणाचा राज्य-उत्सव आहे. गर्दी धावते ढोलांमागे आणि पोतराजूच्या आसुडामागे. पण डोळे भरून पाहावं ते बायकांच्या डोक्यावरचं मडकं.

बोनम म्हणजे देवीसाठी रांधलेलं जेवण. मातीच्या नाहीतर पितळेच्या मडक्यात दूध-गूळ घालून शिजवलेला भात. मडक्याच्या पोटाला हळद, त्यावर चुन्याचे पांढरे पट्टे आणि कुंकवाचे ठिपके. गळ्याशी कडुनिंबाच्या डहाळ्या, तोंडावर झाकण आणि झाकणावर तेवती पणती. सगळं सामान घरातलंच. रंगसुद्धा मिसळणाच्या डब्यातले आणि देवघरातले.

साथीची आठवण

परंपरा सांगते, की १८१३ मध्ये या शहरांत साथीनं माणसं पटापट मरत होती. इथली एक लष्करी तुकडी तेव्हा उज्जैनला होती. तिथल्या महाकालीला नवस बोलला गेला, आणि परतल्यावर सिकंदराबादेत देवीची स्थापना झाली.

हे लक्षात ठेवून मडक्याकडे पाहिलं, की सजावट वाचता येते. हळद आणि कडुनिंब ही आजाऱ्याच्या उशापायथ्याची औषधं. आपल्या गावांतही पटकीच्या भयानं वेशीवर मरीआईला नैवेद्य गेला आणि पोतराजानं आसूड ओढला. हैदराबादेत पोतराजू देवीचा भाऊ मानला जातो, बोनम घेतलेल्या बायकांपुढे तो नाचत चालतो. मला वाटतं, पोटाला अन्न, अंगाला औषध आणि अंधाराला दिवा, घरधनिणीच्या या तिन्ही काळज्या त्या एका भांड्यावर रंगवलेल्या आहेत.

बोनम घेऊन येणाऱ्या बाईच्या पायांवर लोक वाटेत पाणी ओततात. तिच्या अंगी देवी आहे, तिला शांत करायचं, ही त्यामागची श्रद्धा. मूर्ती देवळात असते खरी, पण रस्त्यावर बाई आणि मडकं मिळून मूर्ती होते.

कागदाचे पाळणे

काड्यांच्या सांगाड्यावर रंगीत कागद लावून केलेली ‘तोट्टेल’ही देवीला वाहतात. तोट्टेल म्हणजे पाळणा. लेकराबाळांसाठीचं मागणं त्यातून देवीपुढे ठेवलं जातं.

कच्च्या मडक्यावरची वाणी

सिकंदराबादेत बोनमच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, ‘रंगम’ होतं. अंगात आलेली बाई न भाजलेल्या कच्च्या मडक्यावर उभी राहते आणि पाऊस, पीक, रोगराई यांचं भाकीत सांगते. कच्चं मडकं पाण्यानं विरघळतं, भारानं फुटतं, हे प्रत्येक घर जाणतं. म्हणूनच ते बाईचा भार पेलतं तेव्हा पाहणाऱ्यांचा श्वास रोखलेला असतो. कुंभाराच्या घरची इतकी साधी वस्तू एवढं मोठं काम करताना मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

रस्त्यावर निघालेला घट

आपला घट नवरात्रात घरात बसतो, भोवती धान्य रुजतं. इथला घट मात्र बाहेर पडतो. तांब्याच्या कलशाला देवीचा साज चढवतात आणि पुजारी तो मिरवत नेतो. हरिबौलीतल्या अक्कन्ना-मादण्णा मंदिराचा घट हत्तीवरून निघतो, चारमिनारवरून नयापुलाला जातो आणि तिथं मुसी नदीत विसर्जन होतं. अक्कन्ना आणि मादण्णा हे भाऊ अबुल हसन कुतुबशहाच्या दरबारातले मंत्री. त्यांच्या नावाच्या मंदिराचा घट पाहायचा असेल, तर विसर्जनाच्या दिवशी दुपारीच चारमिनारजवळ जागा धरावी.