घरच्या घरी प्रथमच साबण करताना

जत तालुक्यात पाऊस बेताचा. तरी बांधावरचा कडुनिंब तग धरून राहतो व उन्हाळा सरता सरता त्याखाली लिंबोळ्यांचा सडा पडतो. लिंबोळीचे तेल खाण्याच्या उपयोगाचे नाही, परंतु साबणास चांगले आहे. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या खादी व ग्रामोद्योग आयोगाने अखाद्य तेलांच्या साबणास ग्रामोद्योगांत स्थान दिले, त्यामागे खाण्याचे तेल वाचविण्याचा विचार होता. निव्वळ लिंबोळी तेलाच्या साबणास फेस कमी येतो, म्हणून थोडे खोबरेल मिसळावे.

पहिल्या खेपेस अर्धा किलो तेलाहून अधिक घेऊ नये. लिंबोळी तेल ३५० ग्रॅम, खोबरेल १५० ग्रॅम, शुद्ध कोरडा कॉस्टिक सोडा ७० ग्रॅम व पाणी १७५ ग्रॅम, हे प्रमाण तराजूने तोलावे. वाटीने वा ओंजळीने मोजलेला साबण हात भाजतो, नाहीतर तेलकट राहतो. धुण्याचा अथवा खाण्याचा सोडा येथे चालत नाही. नावातील साम्यामुळे अनेकांची फसगत होते. पाणी शक्यतो पावसाचे साठविलेले घ्यावे. पाण्यात चुन्याचा अंश अधिक असेल तर साबणाचा काही भाग चोथा होऊन वाया जातो.

आता सर्वांत जपण्याची गोष्ट. कॉस्टिक नेहमी पाण्यात थोडा थोडा घालावा. कॉस्टिकवर पाणी कधीही ओतू नये. तसे केल्यास मिश्रण उकळून अंगावर उडते. भांडे स्टेनलेस स्टीलचे असावे. ॲल्युमिनियमचे भांडे कॉस्टिक खाऊन टाकतो व त्यातून पेट घेणारा वायू निघतो. काम उघड्यावर, रबरी हातमोजे व डोळ्यांस चष्मा लावून करावे. मुलांना व गुरांना लांब ठेवावे. द्रावण अंगावर उडाल्यास भरपूर वाहत्या पाण्याने धुवावे. डोळ्यात गेल्यास किमान वीस मिनिटे धूत राहून तातडीने दवाखान्यात न्यावे. लिंबू-व्हिनेगर चोळण्याचा उपाय करू नये.

द्रावण व तेल दोन्ही कोमट झाली म्हणजे द्रावण तेलात बारीक धारेने सोडून ढवळावे. हाताने ढवळताना कधी तास लागतो, येथे घाई करून उपयोग नाही. मिश्रण पिठल्यासारखे दाटून वरून सोडलेल्या धारेची रेघ क्षणभर उमटू लागली की पॉलिथीन अंथरलेल्या लाकडी साच्यात ओतावे व गोणपाटाने झाकावे. एकदोन दिवसांनी वड्या कापून चार ते सहा आठवडे वाऱ्यावर, सावलीत मुरू द्याव्यात. वडीत ओलसर, झोंबणारे ठिपके दिसल्यास ती वापरू नये. लिंबोळीचा उग्र वास पुष्कळांना सोसत नाही. पहिल्या वड्या कपड्यांसाठी ठेवणे बरे. पाणी जड असेल तर धुण्याच्या पाण्यात थोडा धुण्याचा सोडा टाकावा, साबण कमी लागतो.

गावात प्रात्यक्षिक दाखविताना कार्यकर्त्यांनी कॉस्टिकचा डबा झाकण घट्ट लावून, ठळक चिठ्ठी चिकटवून, कुलपात ठेवावा.